काँगोतली झाडे

“आजी, गाडी येऊन गेली!” चैत्राली दारातूनच ओरडली, आणि सुमनताई मटकन पलंगावर बसल्या.

“गेली? अगं, मग थांबवायची नाहीस का? मी केव्हाची तयार होऊन बसलेय.”

“गेली नाही गं आई, आली. खाली उभी आहे,” शकुन हसत म्हणाली. तिच्या लेकीचा जन्म कोलकात्याचा, शाळा-कॉलेज इथले आणि नोकरीही इथलीच. बंगालीत ‘आली’ला म्हणतात ते ‘एशे गेछे’ तिच्या मराठीत असे अधूनमधून उतरायचे. सुमनताईंची साठ-बासष्ट वर्षे याच शहरात गेली होती, पण नातीच्या या मराठीला त्या दर वेळी फसायच्या.

शकुनने आईला हाताला धरून उठवले, पदर सारखा केला. सुमनताई शहाऐंशीच्या झाल्या होत्या. गुडघे गेलेले, डावा डोळा काचबिंदूने गेलेला. उजव्या डोळ्याला समोर धरलेले तेवढे दिसायचे. गार्डन रीचमधल्या त्या दोन खोल्यांमधून त्या आता दवाखान्यापुरत्याच बाहेर पडत. आजची गोष्ट वेगळी होती. आज महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात त्यांचा सिनेमा दाखवणार होते.

त्यांचा सिनेमा म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

सुमनताईंचे यजमान श्यामसुंदर लष्कराच्या सिग्नल विभागात हवालदार होते. एकसष्ट साली संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपली एक ब्रिगेड आफ्रिकेत काँगोला गेली, तिच्याबरोबर तेही गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे कामी आले. विमानतळाच्या रस्त्यावर, गोळीबारात, एवढेच घरी कळले. अग्नीही तिकडेच दिला. सुमनताई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि शकुन तीन. सुमनताईंचे भाऊ भास्करमामा नागपूरहून बदली होऊन गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत आले होते. ते श्यामसुंदरांच्या छावणीच्या गावी, जबलपूरला जाऊन बहिणीला आणि भाचीला घेऊन आले. पुढे सुमनताई रेल्वे वसाहतीतल्या मुलींना शिवण शिकवू लागल्या आणि शिकवता शिकवता निवृत्त झाल्या. कुणाला बसवून सांगावे असे त्यांच्या आयुष्यात दुसरे काही घडले नाही.

शकुन दहा-अकरा वर्षांची असताना धर्मतल्ल्याच्या एका थिएटरात तो सिनेमा लागला. मामांनी पेपरात जाहिरात पाहिली: काँगोच्या लढाईवरचा हॉलिवूडचा भव्य रंगीत चित्रपट. ते काही न बोलता तीन तिकिटे काढून घेऊन आले. सुमनताईंना इंग्रजी येत नव्हते. अंधारात मामा त्यांच्या कानाशी लागून सांगत राहिले, “हा गोरा कॅप्टन आपल्या बाजूचा बरं का, सुमन. त्या मिशनमधल्या जोगिणींना आणि नर्सला पेटलेल्या गावातून सोडवून नदीपार न्यायला निघालाय.” सुमनताई मान हलवत होत्या. त्यांची नजर पडद्यावरून एकदाही ढळली नाही.

त्यानंतर तो सिनेमा सकाळच्या खेळाला जेव्हा जेव्हा लागे, तेव्हा मायलेकी ट्रामने जाऊन बघून येत. वर्गातल्या मुली सुट्टीत आजोळी जात, वडिलांच्या गावाला जात. शकुन त्या थिएटरात जायची. तिला वडिलांचा चेहरा फोटोतला माहीत होता, पण आवाज मुळीच आठवत नसे. म्हणून तिने त्या कॅप्टनचा खर्जातला आवाज वडिलांना देऊन टाकला होता. परीक्षेच्या दिवशी, ताप आला की, पुढे लग्न ठरले तेव्हाही, ते तिच्याशी त्याच आवाजात बोलत. मराठीत, पण त्याच आवाजात. हे तिने कधी कुणाला सांगितले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

नवरा, शरद, भला माणूस होता. त्याने एका दिवाळीला सासूबाईंना साडीऐवजी खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटमधून त्या सिनेमाची कॅसेट शोधून आणून दिली होती. ती पुढे बुरशी धरून गेली, मग शरदही गेला, आणि सिनेमा घरातून नाहीसा झाला. नाव काढले की सुमनताई फक्त म्हणत, “एकदा परत बघायला मिळाला असता तर…”

चैत्रालीच्या ऑफिसात कौस्तुभ नावाचा एक मुलगा पुण्याहून आला होता. त्याला जुन्या इंग्रजी सिनेमांचे वेड. हॉलिवूडने परदेशातल्या लढाया, क्रांत्या, बंडे कशी दाखवली आणि प्रत्यक्षात काय घडले, हे तो महिन्यातून एका रविवारी मंडळात सिनेमा दाखवून समजावून सांगायचा. चैत्राली त्याला म्हणाली, “माझ्या आजीचा एक फेव्हरिट पिक्चर आहे. तो लाव ना.” यापेक्षा जास्त ती काही बोलली नाही. तिला वाटले, आजीला बघायला मिळाला म्हणजे झाले.

सभागृहात सुमनताईंना सगळ्यांत पुढे, पडद्याजवळ बसवले. कौस्तुभ लगबगीने आला, वाकून नमस्कार करून म्हणाला, “आजी, आजचा खेळ तुमच्या फर्माइशीचा!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमनताई लाजल्या. पंखे बंद झाले, दिवे गेले.

सिनेमा सुरू झाला तोच लाल मातीच्या रस्त्याने. दुतर्फा रुंद पानांची भलीथोरली झाडे आणि दुरून धुरळा उडवत येणारा ट्रक. सुमनताई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी शकुनचे मनगट घट्ट धरले. एवढी ताकद त्या हातात उरली असेल असे शकुनला वाटले नव्हते.

कौस्तुभ मधेमधे सिनेमा थांबवून बोलत होता. इथली वेशभूषा चुकीची, तिथला झेंडा भलताच. लोक हसत होते, कुणी काही विचारत होते. मग नाक्याचा प्रसंग आला. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीतला एक शिपाई आणि एक पगडीवाला, दोघे खुर्च्यांवर घोरत पडलेले. गोरा कॅप्टन हळूच पगडीवाल्याच्या हातातला चहाचा पेला काढून घेतो, पिऊन टाकतो आणि रिकामा पेला पुन्हा त्याच्या हातात देऊन ट्रक पुढे काढतो. सभागृह खदखदून हसले. धर्मतल्ल्यालाही लोक असेच हसत. तेवढ्या वेळात सुमनताई नेहमी खाली मान घालून पदराचे टोक बघत बसायच्या. आजही त्यांनी तेच केले.

कौस्तुभने चित्र थांबवले. “हसलात ना? आता ऐका. अख्ख्या सिनेमात आपली फौज दिसते ती एवढीच. झोपलेली. प्रत्यक्षात तिथे आपली ब्रिगेड लढत होती. खाणींचा श्रीमंत प्रांत देशापासून तोडायचा घाट चालला होता, आणि त्यासाठी युरोपातून पैसे देऊन लढणारी माणसं आणली होती. भाडोत्री सैनिक. हा आपला देखणा कॅप्टन त्यांच्यातला. म्हणजे सिनेमावाल्यांनी बाजूच उलटी केली! ज्यांना रोखायला आपले जवान गेले, ते इथे हीरो.”

“अहो,” सुमनताई म्हणाल्या.

आवाज बारीक होता, पण पहिल्या रांगेतून आल्यामुळे कौस्तुभला ऐकू गेला. “बोला ना आजी.”

“मग आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या कुणी?”

“यांनीच, आजी. या कॅप्टनसारख्यांनी, आणि त्यांनी शिकवून तयार केलेल्या पलटणींनी. विमानतळाच्या रस्त्यावर तर नाकेबंदी करून—”

“कौस्तुभ!” भिंतीशी उभी असलेली चैत्राली एकदम म्हणाली. कौस्तुभने गोंधळून तिच्याकडे बघितले.

“बरं,” सुमनताई म्हणाल्या. “चालू द्या तुमचं.”

सिनेमा पुढे चालू झाला. कॅप्टन जोगिणींना धीर देत होता. तोच खर्जातला आवाज. शकुनला वाटले, उठून कुणीतरी तो बंद करावा. पण बाकीच्यांसाठी तो नुसता सिनेमा होता, आणि ती उठली नाही. आईचा हात अजून तिच्या मनगटावर होता. शेवटपर्यंत तो तिथेच राहिला.

परतताना सुमनताई बराच वेळ गाडीच्या काचेबाहेर बघत होत्या. चैत्राली पुढे बसून डोळे पुसत होती. खिदिरपूरचा पूल ओलांडल्यावर सुमनताईंनी विचारले, “भास्करला ठाऊक असेल का गं?”

“मामांना? काय सांगावं.”

“नसेल. त्याला तरी इंग्रजी कितपत यायचं.” थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, “आणि ठाऊक असेल तर त्यानं बरंच केलं.”

“आई, तुला फार वाईट वाटलं ना? एवढी वर्षं त्या माणसाला आपण…”

“कुठल्या माणसाला? कॅप्टनला?” सुमनताईंनी तिच्याकडे तोंड वळवले. “त्याच्याकडे मी कधी धड बघितलंसुद्धा नाही. मी झाडं बघायला जायचे.”

“झाडं?”

“रस्त्याच्या कडेची. पानं बघ ना केवढाली, पत्रावळीएवढी. ट्रक वळतो तिथलं एक तर वाकलेलंच आहे रस्त्यावर. मला वाटायचं, पडले असतील ते इथेच. ऊन तरी लागलं नसेल. पाणी पाणी म्हणाले असतील, पण ऊन लागलं नसेल.”

आपण एकाच सिनेमाला जात होतो आणि दोघी वेगवेगळे काही बघत होतो, हे शकुनला या वयात, टॅक्सीत बसून कळत होते.

पुढच्या रविवारी कौस्तुभ घरी आला. चैत्रालीने त्याला सगळे सांगितले होते. हातात नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईचा डबा होता आणि चेहरा उतरलेला. त्याने सुमनताईंच्या पायांवर डोके ठेवले. “आजी, मला खरंच काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी असं चारचौघांत…”

“अरे, तुला कसं माहीत असणार? बस. आणि तू खोटं कुठे बोललास? जे घडलं तेच सांगितलंस.” सुमनताईंनी शकुनला बशा आणायला सांगितल्या. मग त्या त्याच्या घरची चौकशी करू लागल्या. आई कुठली, जेवायची काय सोय आहे, इथली हवा मानवते का. कौस्तुभ हळूहळू सैल झाला, हसूही लागला. शकुनला वाटले, झाले एकदाचे, निभावले.

तेवढ्यात सुमनताई म्हणाल्या, “मला एकच सांग. गोष्ट खोटी, माणसं खोटी, ते ठीक आहे. सिनेमा म्हटला की तेवढं चालायचंच. पण रस्ता तरी तिथलाच ना? ती झाडं?”

कौस्तुभच्या हातातला संदेश हातातच राहिला. त्याने शकुनकडे बघितले. त्याने असे का बघितले हे तिला क्षणभर कळले नाही, आणि कळले तेव्हा तिने आईला दिसणार नाही अशी मान हलवली. नको. सांगू नकोस.

“हो आ—” कौस्तुभ म्हणाला आणि थांबला. सुमनताई एका डोळ्याने त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या की त्याला पुढे बोलवेना. त्याने बशी खाली ठेवली. “नाही, आजी. शूटिंग मेक्सिकोत झालं होतं. काँगोत तेव्हा धुमश्चक्री चालू होती. ते लोक तिथे गेलेच नाहीत.”

चैत्राली उठून स्वयंपाकघरात गेली.

“मेक्सिको म्हणजे कुठे रे?”

“अमेरिकेच्या खाली. काँगोपासून समुद्रापलीकडे.”

“म्हणजे ह्यांचा पाय तिथे कधी लागलाच नाही.”

“नाही, आजी.”

सुमनताईंनी मांडीवरचा पदर उगाच सारखा केला. कौस्तुभला राहवेना. आपल्या हातून सांडलेले आपणच भरावे अशा घाईने त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. “आजी, मी तुम्हाला खरी जागा दाखवतो. अगदी ती. नकाशावर रस्त्याचे फोटो असतात आता. थांबा हं.” तो त्यांच्या पलंगाशी जमिनीवर बसला आणि पडदा त्यांच्या उजव्या डोळ्याजवळ धरला.

पठारावरचे एक शहर होते. रुंद रस्ते, बसकी घरे, जांभळ्या फुलांची सडपातळ झाडे. खाणीतल्या टाकाऊ मळीचा काळा डोंगर. गावाबाहेर घराएवढी उंच वारुळे. “आणि हा विमानतळाचा रस्ता, आजी. आत्ताचा.” रस्त्यावर मोटारसायकली होत्या, मोबाइलवाल्याची पिवळी छत्री होती, डोक्यावर केळ्यांचे घमेले घेतलेली एक बाई कॅमेऱ्याकडे बघत उभी होती. ऊन लख्ख होते. सावली कुठे फारशी नव्हती.

सुमनताई पुष्कळ वेळ बघत राहिल्या. त्यांनी पडद्याला बोट लावले तसा रस्ता सरकून नाहीसा झाला. कौस्तुभने तो परत आणला.

“छान आहे गाव,” त्या म्हणाल्या. “स्वच्छ आहे.”

“हो ना आजी?”

“पण इथे हे नाहीत रे.”

कौस्तुभला कळले नाही. “आजी?”

“इथे मला हे कुठे दिसतच नाहीत. त्या झाडांखाली दिसायचे. डोळे मिटले की दिसायचे, सिनेमा नसला तरी.” त्यांनी लॅपटॉप हलकेच बाजूला सारला. “राहू दे आता. तू संदेश खा.”

तो गेल्यावर शकुनने चैत्रालीवर राग काढला. कशाला आणायचे असल्या लोकांना घरी, ह्यांना दुसऱ्याच्या घरातले खरे-खोटे करायला कुणी सांगितले. चैत्राली रडवेली होऊन म्हणाली, “आई, तो खोटं सांगून जाऊ शकत होता. त्याला नाही झालं.” शकुनला हेही कळत होते, आणि त्यामुळे तिला आणखीच संताप येत होता. मग तो राग कधीतरी आपोआप विझला. उरले ते एवढेच, की गॅसवर दूध ठेवून उभी असताना किंवा गच्चीत कपडे वाळत घालताना ती सवयीने वडिलांना काही विचारायला जायची, आणि उत्तर येत नसे. तो आवाज तिने स्वतःच बंद केला होता. त्याच्या जागी दुसरा नव्हता.

सुमनताईंनी सिनेमाचे नाव पुन्हा काढले नाही. जेवत होत्या, औषधे घेत होत्या, शेजारच्या बंगाली मावशी, माशिमा, आल्या की आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत त्यांच्याशी गप्पा मारत होत्या. फक्त दुपारी डोळे मिटून पडायच्या तेव्हा पूर्वी चेहरा निवांत असायचा. आता कपाळाला आठी असायची. अंधारात हरवलेली वस्तू चाचपडावी, तशी.

पौषातल्या एका दुपारी शकुन त्यांना गॅलरीत उन्हात बसवून नखे कापत होती. कोमट पाण्यात बोटे भिजवून ठेवली होती. खाली गल्लीत कापूस पिंजणारा त्याची तार छेडत चालला होता. नदीवर कुठल्यातरी बोटीचा भोंगा वाजला.

“शकू, जबलपूरची खोली आठवते का गं तुला?”

“नाही गं. कशी आठवणार?”

“मी हल्ली सारखी तिथे जाऊन बघते. म्हटलं, तिथे तर ते होतेच. ते काही सिनेमातलं नाही.” सुमनताईंनी पाण्यातली बोटे हलवली. “निघाले त्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. माझ्याकडे पाठ. आदल्या दिवशीच केस कापून आले होते, मानेवर पांढरी रेघ उठली होती वस्तऱ्याची. ती स्पष्ट दिसते. मग उठले, ट्रंक उचलली. तूही होतीस तिथे, भिंतीशी बसून पेरू खात होतीस. आणि पुढचं काही दिसतच नाही. कितीही ताणलं तरी मान तेवढी दिसते, तोंड नाही दिसत.”

शकुनने एक नख कापले, मग दुसरे.

“वळून बघितलं असेल ना गं त्यांनी?”

शकुनचा हात थांबला. तिने वर बघितले. आईच्या चांगल्या डोळ्यात उन्हाचा एक ठिपका होता.

“बघितलं ना, आई,” ती म्हणाली. “दारातून वळून बघितलं. हातसुद्धा केला.”

सुमनताई तिच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हते. जुन्या दिवसांत शिवणाच्या वर्गात एखाद्या मुलीने वाकडी टीप घालून ती दोऱ्याखाली लपवली की त्या अशाच बघत असाव्यात.

“तू तीन वर्षांची होतीस, शकू,” त्या म्हणाल्या. “तुला काय आठवणार.”

आणि त्यांनी पाण्यातून दुसरा हात काढून, पदराला पुसून, तिच्यापुढे धरला.